विकतची बॅग

समोरच्या घरात दारामागे एक लाकडी फळी आहे आणि तिला खुंट्या आहेत. त्या घराचा एकच कायदा: खुंटीवर जे लटकलंय ते सगळ्यांचं. छत्री असो, रेनकोट असो, पिशवी असो, बाहेर निघणाऱ्याने हात घालायचा, हाताला लागेल ते घ्यायचं आणि जिना उतरायचा. विचारायचं नाही. विचारलं तर दादा म्हणणार, घरात कसलं आलंय तुझं-माझं? ऐकायला किती छान वाटतं. फक्त एवढ्या वर्षांत त्या खुंट्यांवर दादाचं स्वतःचं काही लटकलेलं मी पाहिलेलं नाही. त्याचा कोट कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली त्याच्या बायकोच्या पर्समध्ये. खुंट्यांवर लटकायच्या त्या आत्याच्या पिशव्या.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. त्याच्या मुलीची आत्या, म्हणून अख्ख्या जिन्याची आत्या. मी तिच्याहून मोठी, तरी मीही आत्याच म्हणते. मला सगळे बाई म्हणतात, शाळेत शिकवलं त्यातलं आता तेवढंच उरलंय. आत्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही याच्या त्या घरात बऱ्याच गोष्टी सांगतात आणि प्रत्येक गोष्टीत दोष तिचाच असतो. खरी गोष्ट अशी की ज्या वयात व्हायचं त्या वयात दादाची मुलगी तान्ही होती आणि वहिनीची कंबर दुखत होती. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. कंबर काही अजून बरी झाली नाही.

बाजाराच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आहे. त्याच्या मागे, आरशांच्या भिंतीपलीकडे, बिनखिडकीची एक खोली आहे, तिथे आत्या आल्टरचं काम करते. पँटची उंची कमी करायची, कंबर ढिली करायची, बाह्या आवळायच्या. आरशासमोर उभा राहून गिऱ्हाईक स्वतःवर खूश होतं, ते हिच्या जिवावर. तिच्या कामाचा एक नियम होता आणि तो ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायची: कापड कापायचं नाही. जास्तीचं आत दुमडायचं आणि टीप मारायची. माणूस आज बारीक आहे, उद्या जाड होईल, आज ठेंगणा आहे, उद्या उंच होईल. आत ठेवलेलं असलं की उसवून पुन्हा मोठं करता येतं. कात्री लावली की संपलं. ती हे इतकं मनापासून सांगायची की मला हसू यायचं. जगात सगळं उसवून पुन्हा मोठं करता येतं असं वाटणारी मी पाहिलेली ती एकटीच.

दुकानात डाग पडलेले, भोक पडलेले कपडे टाकून देत, ते ती घरी आणायची आणि त्यांच्या पिशव्या शिवायची. भाजीची, डब्याची, चपलांची. जिन्यातल्या प्रत्येक घरात आत्याची एक तरी पिशवी आहे. मलाही दिली आहे, मी तिच्यात बटाटे ठेवते. पहिली पिशवी मिळाली की लोक म्हणतात, वा. दुसरी मिळाली की म्हणतात, अगं कशाला. तिसऱ्या वेळी म्हणतात, आत्या, पुढची जरा मोठी कर आणि खालून जाड कापड लाव. घरच्यांनी तर पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी गाठली.

आत्याची एक मोठी बहीण होती, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा या दोघांना अक्काने वाढवलं. मग ती लग्न होऊन दूर गेली. सकाळी बसमध्ये बसलं तर संध्याकाळी पोचणार, इतकी दूर. फार वर्षांपूर्वी ती भावाकडे राहायला आली होती. चहा पुढे आला, आणणारी अर्थातच आत्या. अक्काने कप हातात घेतला, तो न पिता खाली ठेवला आणि दादाला म्हणाली, "धाकटीला तू बहीण म्हणून ठेवलं नाहीस, मोलकरीण म्हणून ठेवलंस. मोलकरणीला निदान सुट्टी तरी असते."

दार उघडं होतं. जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मी नाही केलं. मी दारात उभी राहून ऐकलं आणि माझा तो दिवस फार चांगला गेला. दादाने त्या दिवसापासून अक्काचं नाव टाकलं. आत्याने टाकलं नाही, पण घरात काढलंही नाही. दुकानामागच्या खोलीत चहाच्या सुट्टीत ती अक्काला फोन करायची. अक्का म्हणायची, ये एकदा. ही म्हणायची, येते.

तिला जायला कुणी नाही म्हटलं असेल असं वाटत असेल तर तसं अजिबात नाही. त्या घरात तिला कुणी कधी कशालाच नाही म्हटलेलं नाही. नुसतं काहीतरी निघायचं. वहिनीची कंबर धरायची. मुलीची परीक्षा निघायची. रंगारी यायचे. दादाच्या साहेबांना जेवायला बोलावलेलं असायचं. आत्या भरत आणलेली पिशवी पुन्हा रिकामी करायची, आणि मला तिचा संताप यायचा. माणसाने इतकं मऊ असू नये. मऊ वस्तूवर सगळे बसतात.

या वर्षी अक्काने अंथरूण धरलं. पायांवर सूज, हृदय थकलेलं, डॉक्टरांनी हात टेकले. फोनवर तिचा आवाज इतका खोल गेला होता की शेजारचं मशीन बंद केल्याशिवाय आत्याला ऐकू येईना. अक्का म्हणाली, "धाकटे, येते येते म्हणू नकोस आता. ये."

आत्या त्या दिवशी कामावरून थेट माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, बाई, मला एक बॅग घ्यायची आहे, तुम्ही बरोबर याल का? मी म्हटलं, बहीण मरायला टेकली आहे आणि तुला खरेदी सुचते आहे? घरात पिशव्यांचा डोंगर आहे, एक उचल आणि नीघ. तेव्हा तिने मला जे सांगितलं त्याचा तिने फार दिवस विचार केला असावा. म्हणाली, मी शिवलेली पिशवी फुकटची, आणि फुकटची म्हणजे सगळ्यांची. ती भरली तरी कुणीतरी रिकामी करून घेऊन जातं. पण विकत घेतलेली वस्तू ज्याने घेतली त्याची असते, एवढं तर घरात कळतं. विकतची बॅग भरून ठेवली की सगळ्यांना दिसेल की ही आता जाणार. मग मध्ये काही निघणार नाही.

मी म्हटलं, मग सरळ सुटकेस घे. तर म्हणे, एका फेरीसाठी सुटकेस घेतली तर वहिनी म्हणेल, हनीमूनला निघालीस का? रोज कामालाही नेता येईल आणि प्रवासालाही चालेल अशीच हवी, म्हणजे उधळपट्टी वाटणार नाही. एवढ्या वर्षांच्या कमाईतून एक बॅग घ्यायची, तर तिलाही रोजच्या वापराचं कारण लागत होतं. पुढे जे झालं ते त्या रोजच्या वापरानेच झालं. सुटकेसला कुणी हात लावला नसता.

बॅगांचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. दुकानदार जाडा, कानावर पेन्सिल, बोलायला गोड. आत्याने पहिल्याच दिवशी त्याच्या काउंटरवर आपली जुनी पिशवी उपडी केली: पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, छत्री, चपलांचा जोड, गुंडाळलेली लोकरीची शाल, चष्म्याची डबी, औषधांचा डबा. म्हणाली, हे सगळं ज्यात मावेल ती दाखवा. त्याने एक लाल चकचकीत बॅग काढली आणि म्हणाला, हल्ली हीच चालते. आत्याने ती उलटी करून आतून पाहिली आणि परत दिली. मग त्याने निळी काढली. तिचे पट्टे तिने दोन्ही हातांनी ताणले, तर एक टाका चर्रर करून गेला. दुकानदार म्हणाला, ताई, बॅग विकत घ्यायची आहे की फाडायची आहे?

आम्ही त्या दुकानात इतक्या वेळा गेलो की तो मला खुर्ची द्यायला लागला. आत्याचं एकेक निघायचं. तळ रुंद हवा, म्हणजे बसमध्ये पायाशी ठेवली तर आडवी होणार नाही. वरून चेन हवी, नाहीतर गर्दीत कुणाचाही हात आत. पट्टे रुंद हवेत, खांद्यात रुतता कामा नयेत. फार लांब नकोत, बॅग गुडघ्यावर आपटते. फार आखूड नकोत, स्वेटरवरून खांद्यावर चढत नाही. रंग मळखाऊ हवा, पण दुखवट्यासारखा नको. भिजली तर वाळली पाहिजे. रिकामी असताना घडी झाली पाहिजे. मी कंटाळून म्हटलं, अगं, लोक नवरा निवडतानासुद्धा एवढं पाहत नाहीत.

"मला कुठे निवडायला मिळाला, बाई?" ती म्हणाली. "मिळाला असता तर पाहिलं असतं."

दुकानदार हसला. मी पण हसले. ती हसत नव्हती, ती एका बॅगेच्या अस्तरावरून बोटं फिरवत होती. गडद हिरवी, जाड कॅनव्हासची, साधी बॅग, फळीच्या अगदी मागे पडलेली. तिची बोटं एका शिवणीपाशी थांबली. अस्तराच्या शिवणीतच एक बारीक चेन होती आणि मागे सपाट, रुंद कप्पा. बाहेरून पाहिलं तर कळत नव्हतं, आत डोकावलं तरी कळत नव्हतं, बोटालाच कळायचं. दुकानदाराला स्वतःलाही माहीत नव्हता. आत्याचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाली, महत्त्वाचं सगळं यात ठेवायचं, कुणाच्या बापाला कळणार नाही. तिने बॅग खांद्याला लावली. ती बरोबर कोपराखाली येऊन टेकली, हात दोन्ही मोकळे. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेला, आणि तिच्या मापाची एक वस्तू अशी धूळ खात तिची वाट पाहत होती. मी तिला म्हटलं, आता घे, नाहीतर मी घेईन.

घरी स्वागत झालं ते असं. वहिनी म्हणाली, विकत? घरात मशीन असताना? दादाने पेपरवरून मान वर केली आणि खाली घातली. भाची तेवढी खूश झाली, म्हणाली, आत्या, कसली भारी बॅग, मला पण दे हं कधी. आत्या हसली. मी त्याच संध्याकाळी तिला म्हटलं होतं, जायच्या दिवसापर्यंत बॅग माझ्याकडे ठेव.

"कशाला, बाई?" ती म्हणाली. "घर माझंच आहे ना."

आत्याची खाट मशीनशेजारी, बैठकीच्या खोलीत. बॅग तिने खाटेखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी वहिनीला ती झाडताना आड आली. खुंट्या कशाला आहेत? आत्याने बॅग खुंटीवर टांगली. त्याच आठवड्यात वहिनी तिच्यातून बटाटे घेऊन आली. आत्याने अस्तर उलटं करून माती झटकली, ओल्या फडक्याने पुसलं, आणि मी डोळे मोठे केले तर म्हणाली, एक दिवस नेली तर काय झिजली?

मग तिने बसचं तिकीट काढलं. शनिवारची सकाळची बस, दिवसाला एकच असते. घरात सांगितलं. दादा म्हणाला, जा की, अडवलंय कुणी? वहिनी म्हणाली, जा, पण शनिवारी पोरीची पण पिकनिक आहे, घर अगदी खायला उठेल. मी दारातून ऐकत होते आणि या वेळी काय निघतं याची वाट पाहत होते. कंबर निघाली नाही. रंगारी आले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आत्याने बॅग भरली, मला बोलावून दाखवलीही. चपला तळाशी, औषधं कडेला, अक्कासाठी स्वतः विणलेली शाल वर. तिकीट, ओळखपत्र आणि जवळचे पैसे त्या आतल्या कप्प्यात. चेन लावल्यावर तिने मला म्हटलं, शोधा बरं. मी खरंच चाचपडले आणि मला सापडला नाही. ती लहान मुलीसारखी हसली. बॅग खुंटीवर टांगली, की सकाळी दार ओढताना नुसती खांद्यावर घ्यायची.

शनिवारी सकाळी ती दूध आणि पाव आणायला खाली उतरली. जायच्या दिवशीसुद्धा. घरात दूध नसलं तर वहिनी चहा कसा करणार? ती परत येत होती तेव्हा फाटकाबाहेर एक गाडी उभी होती, भाचीच्या ऑफिसातली मुलं-मुली, गाणी लावलेली. भाची मागे बसली होती. आत्याने दुधाची पिशवी वर करून तिला टाटा केला. गाडी वळताना मागच्या काचेतून हिरवी बॅग दिसली. तिने मला नंतर सांगितलं, मनात आलं की अगदी आपल्यासारखीच आहे.

वर खुंटी रिकामी होती. मशीनवर चपला, औषधं, डबा, शाल, सगळं नीट मांडून ठेवलेलं. वहिनीचं म्हणणं सरळ होतं. मुलीच्या बॅगेचं चाक ऐन वेळी तुटलं, खाली हॉर्नवर हॉर्न, ही समोर लटकलेली. तुझं काही एक हरवलं नाही, सगळं काढून ठेवलंय, घरात पिशव्या काय कमी आहेत? शिवल्यास ना एवढ्या. आत्याने आतल्या कप्प्याचं विचारलं. वहिनी म्हणाली, कुठला कप्पा? मला तर कुठे दिसला नाही. आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण ती खरं बोलत होती.

भाची फोन उचलेना, गाडीत गाणी मोठी होती. दादा म्हणाला, ती उद्या संध्याकाळी येईल, मग जा, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? मी आत्याला टॅक्सीत घातलं आणि बसस्टँडवर नेलं. शाल आणि औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती तिने छातीशी धरलेली. खिडकीमागच्या माणसाने यादीत तिचं नाव पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, ओळखपत्राशिवाय चढवता येत नाही. मी त्याला शाळेतल्या आवाजात खूप बोलले. मी बोलत असतानाच मागे बस निघाली. तिची खिडकीजवळची जागा आमच्यासमोरून रिकामी गेली. शेवटी मी माझं ओळखपत्र दाखवून तिची हमी लिहून दिली, तेव्हा रविवारचं एक तिकीट मिळालं. मी म्हटलं, आज माझ्याकडे झोप, उद्या मी तुला माझ्या हाताने बसमध्ये बसवते. ती हो म्हणाली. अक्काकडे कळवायला फोन लावला, तर तो लागेना. प्लास्टिकची पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला घरी गेली.

रात्री अक्काच्या सुनेचा फोन आला. अक्का दुपारपासून विचारत होती, बस आली का. मुलाला तिने स्टँडवर पाठवलं. बस आली, माणसं उतरली, तो थांबून थांबून एकटाच परत आला. तो आल्यावर अक्काने दाराकडे पाहिलं, त्याच्या मागे कुणी आहे का ते. मग तिने पुन्हा काही विचारलं नाही. दिवे लागायच्या सुमारास गेली.

मी आत्याला म्हटलं, तिकीट आहे, उद्या जाऊ, मी पण येते. तिने मान हलवली. "आता कुणाला भेटायला जाऊ, बाई? तिथे आता नुसती माणसं आहेत." रविवारची बसही तिची जागा रिकामी घेऊन गेली.

आणि मग दादाला एकदम आठवलं की तो अक्काचा भाऊ आहे. एवढी वर्षं जिचं नाव घेतलं नाही तिच्या घरी आता गेलंच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील? त्याने सोमवारची दोन तिकिटं काढली, स्वतःचं आणि वहिनीचं. तिसरं का नाही हे कुणी विचारलंच नाही, मी सोडून. दादाने मला शांतपणे समजावलं की सोमवारी नळवाला येणार आहे. महिनाभर बोलावतोय, मोठ्या मुश्किलीने तयार झालाय, घरात कुणीतरी हवं. मुलीला ऑफिस आहे. आणि धाकटीचं तसंही जायचं मन नाही, तीच म्हणाली ना?

रविवारी संध्याकाळी भाची आली, उन्हाने लाल झालेली, हातात ती बॅग, तळाला वाळू आणि आत ओले टॉवेल. दारातूनच म्हणाली, आत्या, काय बॅग आहे! सगळ्यांचं सगळं मावलं! मग तिला अक्काचं कळलं. ती अरेरे म्हणाली आणि गरम पाणी आहे का असं विचारून आंघोळीला गेली. मी तिला दोष देत नाही. अक्काला तिने पाहिलं तरी होतं कुठे? ती त्याच घरात वाढली होती, खुंटीवरचं उचलायला शिकली होती.

आत्याने टॉवेल काढले, वाळू झटकली, शिवणीत बोट घातलं. तिकीट, ओळखपत्र, पैसे, सगळं होतं तसं. पाण्याचा थेंब लागला नव्हता. फारच चांगली बॅग होती.

मी तिथेच बसले होते, दुखवट्याला समोरच्याने जाऊन बसायचं असतं तशी. वहिनी आतून आली, तिने बॅग उचलली, खांद्याला लावली आणि आरशात बघितलं. तिची उंची कमी, बॅग मांडीपर्यंत आली. म्हणाली, "पट्टे फार लांब आहेत, माझ्या खांद्यावरून घसरते. आत्या, चार बोटं आखूड करून दे ना. तुला काय, दोन मिनिटांचं काम."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, तिची बहीण गेली आहे."

"म्हणूनच तर निघालोय, बाई," वहिनी म्हणाली.

चाळीस वर्षं वर्गातली पोरं गप्प केली मी, आणि त्या बाईने मला एका वाक्यात गप्प केलं. आत्या उठली. गळ्यात टेप घातली. वहिनीच्या खांद्याचं माप घेतलं, दुकानात घेते तसंच, हात खाली सोडा, मान सरळ ठेवा असं सांगत. पट्ट्यांवर खडूने खूण केली. मशीनशी बसून एकेक टाका उसवला. दुकानात निळ्या बॅगेचा टाका ताणताच गेला होता, हिचा तिने ताणला तरी तुटला नव्हता. मला वाटलं, हिने आता कच्ची टीप मारावी. भर स्टँडवर पट्टा तुटावा आणि वहिनीचे कपडे रस्त्यावर पसरावेत. देवाशपथ, मी मनातल्या मनात त्याची प्रार्थना करत होते.

तिने कात्री उचलली आणि खडूच्या खुणेवर पट्टा कापला. मग दुसरा.

मी पुढे झाले. म्हटलं, अगं, दुमडायचं ना आत. तूच सांगतेस सगळ्यांना. पुन्हा उसवून लांब करता आला असता.

"कुणासाठी?" ती म्हणाली. आणि पायडल मारायला लागली. टीप दुहेरी मारली, आडवी एक आणि वर फुलीची एक, दोन्ही बाजूंना. मी पट्टा ओढून पाहिला. जन्मात तुटणार नाही असा.

सोमवारी दोघं गेली. नळवाला आला नाही. आत्या दिवसभर दार उघडं ठेवून त्याची वाट पाहत बसली होती. अक्कासाठी विणलेली शाल तिने त्यांच्याबरोबर दिली होती, एवढी तिच्या पलंगावर ठेवा म्हणून. परत आल्यावर वहिनी म्हणाली, बरं झालं शाल दिलीस, बसमध्ये खिडकीतून काय गार वारा येतो! शाल आता वहिनीच्याच खाटेवर असते, कंबरेला ऊब चांगली मिळते.

आत्या हल्ली कामाला जाताना आपल्या जुन्या शिवलेल्या पिशव्यांतली एक घेऊन जाते. हिरवी बॅग तिच्या खांद्यावर चढतच नाही, काखेत अडकते. पट्ट्यांचे कापलेले दोन तुकडे मशीनच्या खणात आहेत, मी पाहिले. बॅग खुंटीवर असते आणि घरातलं जो तो घेऊन जातो. फार उपयोगाची निघाली, रोजच्यालाही चालते आणि प्रवासालाही, असं वहिनी जिन्यात सगळ्यांना सांगते.